पायपुसण्यांची कंपनी

माझ्या दारातलं पायपुसणं माझ्या नणंदेने पाठवलेलं आहे. एक झिजत आलं की दुसरं येतं. मी मागत नाही, तिला बरोबर कळतं. येणारा-जाणारा त्यावर पाय पुसतो आणि म्हणतो, किती जाड आहे हो, कुठून आणलंत? मी म्हणते, नणंदेकडून. पुढचं कोणी विचारत नाही, मीही सांगत नाही. पण त्यावर पाय ठेवला की माझ्या पोटात अजून दुखतं. दात गेले, गुडघे गेले, हे दुखणं मात्र शाबूत आहे.

तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा ती शाळा संपवून घरी बसली होती, असं म्हणायची पद्धत म्हणून म्हणायचं. बसलेली ती कधी दिसलीच नाही. जिन्यात दिसे, गच्चीवर दिसे, खालच्या शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करताना दिसे, आणि हाका मारून मारून सासूबाईंचा घसा बसला की कुठल्यातरी तिसऱ्याच गल्लीतून हात झुलवत येताना दिसे. शेवटी सासऱ्यांनी ठरवलं की हिला ऑफिसच्या कामाचं शिक्षण द्यायचं. पुलापलीकडे एक कॉलेज निघालं होतं. टायपिंग, लघुलेखन, फायली लावणं, टेलिफोनवर बोलणं, साहेबाचं वेळापत्रक सांभाळणं, सगळं तिथे वर्षभरात शिकवत.

"एकटी कशी जाईल?" सासूबाई म्हणाल्या.

"जाईल की. पाय आहेत," सासरे म्हणाले.

"पाय आहेत हीच तर भीती. अर्ध्या वाटेतून कुठे वळेल नेम नाही. सूनबाईला पाठवा बरोबर."

अशी मी कॉलेजात गेले ती सोबत म्हणून. वर्गाबाहेर एक बाक होता, त्यावर विणकाम घेऊन बसायचे. आतून टाइपरायटरचा आवाज यायचा, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. आमच्या बाई वर्गात फिरता फिरता बोलत, आणि ते मला सगळं ऐकू यायचं. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की माझी बोटं सुया सोडून मांडीवर काहीतरी बडवताहेत. बाईंच्याही लक्षात आलं असावं. एक दिवस दार उघडून म्हणाल्या, "बाहेर बसून चोरून ऐकतेस ते आत बसून ऐक. एक यंत्र रिकामंच आहे."

या बाईंना मुली समासबाई म्हणत, कारण त्या पट्टी घेऊन पत्राचा समास मोजत. डावीकडे केसाएवढा जास्त झाला तरी पत्र परत. मुली रडत. मला मात्र त्या पट्टीचा लळा लागला. कोऱ्या कागदाखाली कार्बन, त्याखाली पातळ कागद, तिन्हींच्या कडा टेबलावर ठोकून एकसारख्या करायच्या, गुंडाळीत घालायच्या, आणि पहिलं अक्षर उमटवायचं. आमच्या घरात माझ्या मनासारखी राहील अशी एकही वस्तू नव्हती. फडताळ सासूबाईंचं, कपाट ह्यांचं, खिडकी भिंगरीची. समास माझा होता.

आता हेव्याचं सांगते. भिंगरीची बोटं विजेसारखी चालत आणि चुका भरपूर करत. माझी हळू चालत आणि चूक करत नसत. तुम्हाला वाटेल, मग काय हवं? हवं हे होतं की कोणीतरी त्याची दखल घ्यावी. पण ती वर्गात आली की खोलीत दिवा लागल्यासारखं व्हायचं. चुकीचं पत्र परत मिळालं की ती म्हणायची, "बाई, हा समास नाही, अंगण झालंय," आणि समासबाई, ज्या कधी हसत नसत, त्या तोंड फिरवून खोकायच्या. माझी पत्रं त्या बघायच्या, मान हलवायच्या आणि पुढे जायच्या. बिनचूक कामाचं असंच असतं. पाण्यासारखं. असलं तर कोण म्हणतं पाणी छान आहे म्हणून.

वर्षाच्या उत्तरार्धात आम्हाला सरावाचं ऑफिस मिळालं. कॉलेजातच एक लांबट खोली होती, तिथे आमची कंपनी. कंपनी काथ्याची पायपुसणी विकायची. म्हणजे एकही विकायची नाही, कारण एकही नव्हतं, पण बाकी सगळं होतं. स्वागताचं टेबल, आवक-जावकचं टेबल, फायलींची कपाटं, दोन खोल्यांत तार टाकून जोडलेला टेलिफोन, रबरी शिक्के. समोरच्या वर्गातल्या मुली आमच्या ग्राहक. आमची पत्रं कॉरिडॉरमधल्या लाकडी पेटीत पडत आणि तिकडून त्यांच्याकडे जात. पाकिटांवर पत्ते मात्र खऱ्या माणसांचे असत, टेलिफोनच्या डिरेक्टरीतून काढलेले, आणि पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीचं नाव आणि आमच्या इमारतीचा पत्ता. समासबाई म्हणत, खोटं नाव टाइप केलं की हातही खोटा पडतो. आणि कधी कधी त्या आपल्या ओळखीतल्या कोणाला तरी ग्राहक बनवून न सांगता पाठवत. एकदा ग्रंथपालांचे यजमान आले होते, पायपुसण्यात उंदराचं पिल्लू निघालं म्हणून आरडाओरडा करत. भिंगरी त्या दिवशी स्वागताला होती. तिने विचारलं, "पिल्लाचे वेगळे पैसे लावलेत का आम्ही?" आणि दोघंही पोट धरून हसत बसले. समासबाईंनी तिचे गुण कापले. मी ते मनात नोंदवून ठेवलं.

कारण त्या खोलीच्या टोकाला संचालकांच्या दाराबाहेर एक फिरती खुर्ची होती. बाकी सगळ्या खुर्च्या लाकडी, चार पायांच्या, करकरणाऱ्या. ही एकटी फिरायची. ती संचालकांच्या सचिवाची. शेवटच्या महिन्यात तिथे जी बसेल तिच्यासाठी समासबाई नदीकाठच्या विमा कंपनीकडे शिफारस करत, आणि विमा कंपनी त्यांचा शब्द खाली पडू देत नसे. रोज पुलावरून येताना ती इमारत दिसायची. काचेची दारं, आत पितळी कठड्याचा जिना, आणि दाराशी एक प्रशस्त, काळं पायपुसणं. मला त्या दारातून आत जायचं होतं. सोबत म्हणून नव्हे.

समासबाईंनी जाहीर केलं की शुक्रवारी खुर्ची कोणाची ते सांगीन. त्या आठवड्यात माझ्याकडे स्वागत होतं आणि भिंगरीकडे जावक. वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं की खुर्ची आम्हा दोघींपैकीच एकीला मिळणार.

त्याच आठवड्यात आमच्या घरी सासऱ्यांचे थोरले भाऊ भली मोठी ट्रंक घेऊन दारात उभे राहिले. महिनाभर राहायला. सासऱ्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"माझं पत्र नाही मिळालं?"

"कसलं पत्र?"

"हेच... खुशालीचं," सासरे म्हणाले आणि ट्रंक आत घेऊ लागले. जागा नाही, पुढच्या वर्षी पाहू, असं त्यांनी कळवलं होतं. पत्र टाकायला भिंगरीच्या हाती दिलं होतं. त्या वेळी कोणी त्यावर विचार केला नाही. ट्रंक कुठे ठेवायची हाच प्रश्न मोठा होता.

गुरुवारी दुपारी मी स्वागताला बसले होते. भिंगरी जागेवर नव्हती, पाणी प्यायला गेली होती. दार ढकलून एक ठेंगणे, गोल गृहस्थ आले. बूट धुळीने भरलेले. आत पाऊल टाकणार तेवढ्यात थबकले आणि जमिनीकडे पाहू लागले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"पायपुसणं कुठाय?"

मी मनात म्हटलं, वा. समासबाईंनी या वेळी चांगला माणूस शोधलाय.

"तसेच या, साहेब."

"पायपुसण्यांच्या कंपनीत पायपुसणं नाही?"

"सगळा माल ग्राहकांकडे जातो, साहेब. आम्हाला उरतच नाही."

ते खूश झाल्यासारखे दिसले. मी त्यांना बसायला खुर्ची दिली, आपलं नाव, कशासंबंधी, सगळं क्रमाने विचारलं. नवीन हॉटेल उघडत होते. प्रत्येक खोलीच्या दाराशी एक अशी शंभरावर पायपुसणी हवी होती. त्यांनी खिशातून पाकीट काढलं.

"हे तुमचंच ना?"

माझंच होतं. मीच टाइप केलेलं दरपत्रक. वरची ओळ, खालची ओळ, दोन्हीकडचे समास, सगळं मी ओळखलं, आईने पोर ओळखावं तसं. मला अभिमानच वाटला.

"दरपत्रकं खूप येतात. इतकं नेटकं मी पाहिलं नाही. म्हटलं ज्यांचं पत्र असं त्यांचा माल कसा असेल. पण बाई, हे बैरंग आलं. तिकीटच नाही. दंड भरून सोडवलं मी."

"क्षमा असावी. जावक विभागाकडे चौकशी करून आपल्याला कळवू." हे वाक्य मी जरा मोठ्यानेच म्हटलं. जावक विभाग अजून पाणीच पीत होता.

पाकिटावर पोस्टाचा शिक्का होता, जांभळा, थोडा फासलेला. मी तो पाहिला. बाई किती बारीक तयारी करतात, एवढंच माझ्या मनात आलं.

"नमुना दाखवा एखादा."

"नमुने प्रदर्शनाला गेलेत, साहेब."

"बरं. सोमवारी मिळतील?"

ग्राहकाला नाही म्हणायचं नाही हा आमचा पहिला धडा. "सोमवारी सकाळी माल आपल्या दारात असेल," मी म्हणाले. लगेच स्वीकृतिपत्र टाइप केलं, प्रतींसह. आमचा संचालक म्हणजे मागच्या बाकावरची एक भित्री मुलगी. तिने पडद्यामागून सही दिली. मी शिक्का मारला. गृहस्थांनी कागद उजेडात धरून पाहिला, घडी घातली, मला नमस्कार केला आणि गेले. दरपत्रकाचं पाकीट टेबलावरच राहिलं.

मी काचेतून समासबाईंना शोधलं. त्या दिसल्या नाहीत. असतील कुठेतरी, म्हटलं, गुण लिहीत.

भिंगरी तोंड पुसत आली. मला राहवलं नाही. "बाईंचा माणूस येऊन गेला. माझं झकास झालं. तुझं मात्र नाव निघालं हं, पत्र बैरंग पाठवलंस म्हणून."

"बैरंग? लाकडी पेटीतलं पत्र बैरंग कसं होईल?" तिने पाकीट उचललं. शिक्का पाहिला. "वहिनी, हा शिक्का खरा आहे."

"बाईंनी मिळवला असेल कुठून."

"आणि पोस्टमनही बाईंनीच नेमला?" ती पाकीट उलटसुलट करत राहिली. मग तिचा हात एकदम थांबला. "थोरल्या काकांची ट्रंक," ती म्हणाली.

"ट्रंकेचं काय?"

"बाबांचं पत्र आणि हे, दोन्ही माझ्या एकाच हातात होती. एक इथल्या पेटीत टाकायचं होतं, एक रस्त्यावरच्या." एवढं बोलून ती पळाली. जिन्यावर तिची पावलं वाजली, दोन-दोन पायऱ्या एकदम.

मी खिडकीशी गेले. गृहस्थ कोपऱ्यापर्यंत पोचले होते. तिने त्यांना गाठलं. हातवारे करून काहीतरी सांगू लागली. त्यांनी माझं स्वीकृतिपत्र बाहेर काढून तिच्या नाकासमोर नाचवलं. ते संतापले आहेत हे वरूनही दिसत होतं, आणि खोटं कशाला सांगू, मला ते पाहून बरं वाटत होतं. आता हिला समज मिळेल. आता शुक्रवार माझा. मग ती आणखी काहीतरी म्हणाली. गृहस्थ थांबले. त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं, थेट माझ्याकडे, आणि हसायला लागले. असे हसले की दिव्याच्या खांबाला धरावं लागलं. आणि मग ती दोघं बोलत बोलत निघून गेली. कॉलेजच्या दिशेने नव्हे.

संध्याकाळी ती घरी आली ती तळहातांवर लाल ओरखडे घेऊन, केसांत काथ्याचे धागे अडकलेले. पुलाच्या खालच्या अंगाला दोर वळणाऱ्यांची वस्ती होती, तिथे पायपुसणी विणत. हे तिला ठाऊक होतं, कारण सासूबाई हाका मारत असताना ती तिथेच जाऊन बसलेली असायची. तिने त्या गृहस्थांना तिथे नेलं, विणकरांशी घासाघीस केली, सोमवारपर्यंत माल देण्याचं कबूल करून घेतलं, आणि मग सुरुवात करून द्यायला स्वतःही विणत बसली.

"त्यांना खांबाशी काय सांगितलंस?" मी विचारलं.

"खरं ते सांगितलं."

"काय पण?"

"म्हटलं, साहेब, आमची कंपनी खोटी, माल खोटा, संचालक खोटा. एक माझी वहिनी तेवढी खरी आहे, आणि तिला वाटतंय तुम्ही खोटे आहात."

घरातले सगळे हसले. ट्रंकवाले काका सगळ्यात जास्त हसले. मीही हसले, पण तो चेहऱ्याचा व्यायाम होता. वाक्य चांगलं होतं, हेच माझं दुखणं होतं. मला ते शंभर वर्षांत सुचलं नसतं.

शुक्रवारी समासबाईंनी सगळी हकिगत ऐकून घेतली. सासऱ्यांचं पत्रही सापडलं. समोरच्या वर्गाने ते सरावाचं समजून त्याला उत्तर तयार केलं होतं, 'जागेअभावी आपली मागणी पुरवता येत नाही हे वाचून खेद झाला,' आणि त्यांना त्याचे पूर्ण गुण मिळाले होते. समासबाईंनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू त्या माणसाला खोटा समजलीस, तरी वागलीस खऱ्याशी वागावं तशी. काम असंच करायचं असतं. खुर्ची तुझी."

मी जाऊन बसले. अगदी हळू फिरवून पाहिली. डाव्या हाताला खिडकी आली, उजव्या हाताला फायली, आणि मध्ये भिंगरी, टाळ्या वाजवत. तिला खरंच आनंद झाला होता. मला तिचा तो आनंदही सहन झाला नाही.

घरी पळत आले. आधी ह्यांना सांगायचं होतं, मग सासूबाईंना. पण बैठकीत ते गोल गृहस्थ बसले होते, बूट दाराबाहेर काढून. हॉटेलच्या ऑफिसात त्यांना माणूस हवा होता. पाहुण्यांचं स्वागत, नोंदणी, पत्रव्यवहार, पुरवठादार, सगळं बघणारा. भिंगरीला विचारायला आले होते. टायपिंग कच्चं असलं तरी चालेल, म्हणाले, टाइप करणारे मिळतात. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या पत्राने आलो हो मी. नाहीतर ही मुलगी मला कुठे भेटली असती?"

माझं पत्र. तिचा माणूस.

ते गेल्यावर घरात एकच धांदल उडाली. मी म्हटलं, "मला फिरती खुर्ची मिळाली."

"हो का?" सासूबाई म्हणाल्या. "खरंच फिरते का गं ती?"

"फिरते."

"चक्कर नाही येत?"

ह्यांनी रात्री विचारपूस केली, पण तेही अर्धं भिंगरीबद्दलच. तिला तिथे जेवण मिळेल का, उशीर झाला तर आणायला कोण जाईल. सोबत म्हणून मला पाठवावं, असं या वेळी कोणी म्हणालं नाही.

महिना संपला. समासबाईंनी मला बोलावून घेतलं. मी नीट इस्त्री केलेली साडी नेसून गेले होते, विमा कंपनीत जायचं म्हणून. त्या म्हणाल्या, "विमा कंपनीला दरवर्षी कोणीतरी मिळेल. मला तुझ्यासारखी मिळणार नाही. इथेच राहतेस? माझ्या हाताखाली?" मला आयुष्यात तोवर कोणी थांब म्हणालं नव्हतं. सगळे जा म्हणत, हिच्याबरोबर जा, तिच्याबरोबर जा. मी हो म्हणून बसले. काचेच्या दारातून नंतर एकदाच आत गेले, ह्यांच्या विम्याचे पैसे आणायला.

कॉलेजात मी केस पांढरे होईपर्यंत राहिले. समासबाईंनंतर ती खोली माझ्याकडे आली. टाइपरायटर गेले, विजेवरचे आले, मग संगणक आले. कंपनी तीच राहिली. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली कुठे कुठे मोठ्या जागांवर बसल्या, भेटल्या की पाया पडतात. चांगलं आयुष्य गेलं, कोणी नाही म्हणणार नाही. पण एकही पायपुसणं मी विकलं नाही. आणि पुलापलीकडे भिंगरीच्या हॉटेलात प्रत्येक खोलीच्या दाराशी एक-एक. ती तिथे आधी टेबलावर, मग काचेच्या खोलीत, मग सगळ्या ऑफिसच्या डोक्यावर. गोल गृहस्थ म्हातारे झाले तेव्हा हॉटेल चालवायची तीच. तिच्या पत्रांचे समास शेवटपर्यंत अंगणाएवढेच होते. कोणाचं काही अडलं नाही.

निवृत्त झाले तेव्हा कॉलेजने मला ती खुर्ची भेट दिली. आता ती माझ्या खिडकीशी असते. गादी दोनदा बदलली, पण अजून आवाज न करता फिरते.

दर रविवारी भिंगरी येते. काठी घेऊन चालते हल्ली, पण जिना चढताना कोणाचा हात धरत नाही. दाराशी थांबून पायपुसण्यावर दोन्ही पाय घासते, "अजून वर्षभर टिकेल" असं सांगते आणि आत येऊन सरळ त्या खुर्चीत बसते. विचारत नाही. बसल्या बसल्या गिरकी घेते, या वयात.

लोक मला म्हणतात, तिलाही तुमचा हेवा वाटत असेल हो, माणसाचं असंच असतं, दुसऱ्याच्या ताटातलं गोड. मलाही बरीच वर्षं ही आशा होती. परवा मी तिला विचारलंच.

"भिंगरे, तुला कधी माझा हेवा वाटला का गं?"

तिने फिरायचं थांबवलं. खरोखर विचार केला, भुवया आवळून. मग मनापासून म्हणाली, "कशाचा?"

मी चहा ठेवायला उठले. परत आले तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, पाय हलवत, आणि खालच्या रस्त्यावर कोणाला तरी हात करत होती.

"ऊठ तिथून," मी म्हटलं. "ती खुर्ची माझी आहे."

"मग बस की मांडीवर," ती म्हणाली, आणि कपासाठी हात पुढे केला.

मी कप दिला नाही. ती उठेपर्यंत उभी राहिले, गुडघे दुखत असतानाही. ती उठली, हसत हसत, काठी टेकत, आणि लाकडी खुर्चीवर जाऊन बसली. मग मी माझ्या जागी बसले, एकदा डावीकडे फिरले, एकदा उजवीकडे, आणि तिच्या हातात चहा दिला.